वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय खायचं, कोणत्या गोळ्या, किती आणि केव्हा

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना टाके, दुखणं आणि वजनकाटा यांत जातो. व्हिटॅमिनच्या डब्या आणलेल्या असतात, पण त्या कपाटात. तेव्हा काही बिघडल्यासारखंही वाटत नाही, कारण शरीर आपल्या साठ्यावर चाललेलं असतं. हा साठा प्रत्येक घटकाचा वेगळा. थायमिनचा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, लोहाचा काही महिने, तर यकृतातला बी-१२चा साठा काही वर्षंसुद्धा ओढून नेतो. त्यामुळे गोळ्या सोडल्या तरी लगेच काही कळत नाही. कळतं तेव्हा साठा तळाला गेलेला असतो, आणि काही बाबतींत, विशेषतः मज्जातंतूंच्या, झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

म्हणून ‘त्रास होत नाही’ हा निकष इथे धरायचा नाही. निकष दोनच: डबीवरचे आकडे आणि रक्ताच्या तपासणीतले आकडे.

तुमची शस्त्रक्रिया नेमकी कोणती?

स्लीव्ह, बायपास की डुओडिनल स्विच, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) झाला असेल तर आतड्याचा किती सेंटिमीटर भाग वळवला आहे हेही विचारून लिहून ठेवा. पुढे कोणताही डॉक्टर औषधाचा डोस ठरवेल तेव्हा हा आकडा कामाला येतो.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, साधारण १०० ते १५० मिलि मावणारी. आतड्याला हात लागत नाही, म्हणून ‘स्लीव्हवाल्यांना गोळ्यांची गरज नाही’ असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. जठराचा जो भाग गेला, तोच आम्ल आणि बी-१२ शोषायला लागणारं इंट्रिन्सिक फॅक्टर बनवत होता. शिवाय खाणंच इतकं कमी होतं की नुसत्या जेवणातून गरज भागणं शक्य नसतं.

बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलिची पिशवी उरते आणि अन्न लहान आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे उतरतं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्या टाळलेल्या भागातच शोषलं जातं. बी-१२ शोषणारं आतड्याचं शेवटचं टोक शाबूत असतं, पण तिथवर बी-१२ला धरून नेणारा जोडीदारच, म्हणजे इंट्रिन्सिक फॅक्टर, वाटेत नीट भेटत नाही. डुओडिनल स्विचमध्ये तर अन्न आणि पाचक रस एकत्र येण्याचा पट्टा फारच आखूड राहतो. तिथे प्रथिनं आणि चरबीत विरघळणारी ए, डी, ई, के ही चारही व्हिटॅमिनं हातची जातात. त्या रुग्णांचे डोस खाली दिलेल्यांपेक्षा बरेच जास्त असतात, ते स्वतंत्रपणे ठरवून घ्यावे लागतात.

पहिले दोन महिने

सर्वसाधारण क्रम असा: पहिले एक-दोन दिवस पाणी आणि गाळलेलं पातळ सूप. मग दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत दूध, पातळ दही, प्रथिनांची पावडर मिसळलेली पेयं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, गुठळी नसलेलं अन्न. पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत काट्याने सहज कुस्करेल असं मऊ. त्यानंतर हळूहळू नेहमीचं. तुमच्या रुग्णालयाने वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा. शिवण कुठे आणि कशी घातली आहे हे त्यांना माहीत असतं.

सुरुवातीला सगळ्यात अवघड जातं ते पाणी. घोट मोठा झाला की छातीच्या मधोमध दाबल्यासारखं दुखतं, मग माणूस पाणी प्यायलाच घाबरतो, आणि आठवड्याभरात चक्कर येऊन परत दवाखान्यात. यावर एक सोपी युक्ती आहे. पातळ औषधाच्या बाटलीवर जो ३० मिलिचा छोटा कप येतो, तो स्वच्छ धुऊन जवळ ठेवा. दर पंधरा मिनिटांनी एक कप, तोही दोन-तीन घोटांत. तासाला १२० मिलि होतात. जागेपणीचे चौदा तास धरले तर १,६८० मिलि, म्हणजे दीड ते दोन लिटरचं लक्ष्य गाठलंच. फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावा, तहानेची वाट पाहू नका. लघवी गडद पिवळी होत असेल तर कुठेतरी कप चुकताहेत. आणि साधं पाणी नकोसं वाटत असेल तर कोमट करून पाहा. या दिवसांत बऱ्याच जणांना गारपेक्षा कोमट सोसतं.

जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. ३० मिलिच्या पिशवीत अन्न आणि पाणी दोन्ही मावत नाहीत. एकतर उलटी होते, नाहीतर पाण्याबरोबर अन्न भराभर खाली वाहून जातं आणि तासाभरात परत भूक लागते. फसफसणारी पेयं टाळा.

घास करंगळीच्या नखाएवढा. तो पूर्ण पातळ होईपर्यंत चावायचा, आणि एका जेवणाला वीस-तीस मिनिटं द्यायची. ताजा मऊ पाव, चिकट भात आणि कोरडं मांस हे तीन पदार्थ सगळ्यात जास्त अडकतात. पावाचा चावून गोळा होतो, मांसाचे धागे सुटत नाहीत. अडकलं की तोंडात फेसाळ लाळ येते आणि ती बाहेर पडेपर्यंत चैन पडत नाही. अशा वेळी वरून पाणी पिऊन ढकलायला जाऊ नका. उठून चाला, थांबा.

प्रथिनं: आधी ती, मग बाकी सगळं

दिवसाला किमान ६० ग्रॅम. वरची मर्यादा साधारणपणे आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅम धरतात. इथे आजचं वजन धरायचं नाही, उंचीनुसारचं आदर्श वजन धरायचं. ते ६० किलो असेल तर ९० ग्रॅमपर्यंत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

साठ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. तिसऱ्या महिन्यातला एक दिवस मोजून पाहू. २०० मिलि दुधातून साडेसहा ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, शिजवलेल्या ६० ग्रॅम चिकन किंवा माशातून सुमारे १५, पाणी निथळून घट्ट केलेल्या १०० ग्रॅम दह्यातून ९, शिजवलेल्या १०० ग्रॅम डाळीतून ९. एकूण साडेएक्कावन्न. एवढं सगळं एका दिवसात पोटात जाणं हीच मोठी गोष्ट, तरी आकडा अपुराच. म्हणून पहिले काही महिने पावडरीला पर्याय नसतो, शाकाहारी माणसाला तर नाहीच.

पावडर घेताना डबीच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा सोडा आणि मागचा तक्ता वाचा. एका मापात प्रथिनं २० ग्रॅम किंवा जास्त आणि साखर अगदी नावाला, एवढं असलं की पुरे. दूध पचत नसेल तर व्हे आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फार कमी असतं. सोयाही चालतं. कोलाजेनची पावडर मात्र या हिशोबात धरू नका. त्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्लच नसतं, त्यामुळे ते अपुरं प्रथिन ठरतं. डबीवर १८ ग्रॅम लिहिलेलं असो वा २०.

ताटात प्रथिन आधी संपवायचं, मग भाजी, आणि जागा उरली तर भात किंवा पाव. हा क्रम उलटला की पोट पिठूळ पदार्थांनीच भरतं. प्रथिन कमी पडलं की शरीर स्नायू जाळतं. वजनकाटा खाली जाताना दिसतो, माणूस खूश असतो, पण जिना चढताना मांड्या थरथरतात.

गोडाबद्दल थोडं. बायपासनंतर, आणि काही वेळा स्लीव्हनंतरही, साखरेचं पेय किंवा मिठाई घेतली की दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा डंपिंगचा प्रकार होतो. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर झपाट्याने रक्तात चढते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर कोसळते. हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या क्षणी थोडी साखर घ्यावी लागते, पण तिच्या मागोमाग प्रथिनाचे चार घास हवेतच, नाहीतर तेच चक्र पुन्हा सुरू होतं. असं वारंवार होत असेल तर साखर मोजून नोंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

रोजच्या मात्रा

स्लीव्ह किंवा बायपास झालेल्या प्रौढ व्यक्तीसाठी, रक्तात कमतरता आढळलेली नसताना, रोज साधारण एवढं लागतं. कमतरता निघाली तर उपचाराचा डोस याहून वेगळा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

- थायमिन (बी-१): किमान १२ मिग्रॅ, ५० मिग्रॅ असलेली बी-कॉम्प्लेक्सची गोळी अधिक बरी.
- बी-१२: तोंडाने ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम रोज, किंवा १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन महिन्यातून एकदा.
- फोलेट: ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांना ८०० ते १,०००.
- लोह: पाळी येणाऱ्या स्त्रिया, आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेले सगळेच, यांना ४५ ते ६० मिग्रॅ. मल्टीव्हिटॅमिनमधलं लोह याच बेरजेत धरायचं.
- कॅल्शियम: अन्न आणि गोळ्या मिळून १,२०० ते १,५०० मिग्रॅ.
- व्हिटॅमिन डी-३: ३,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम. रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिच्या वर राहील असं बघायचं.
- व्हिटॅमिन ए: ५,००० ते १०,००० आययू.
- व्हिटॅमिन ई १५ मिग्रॅ, के ९० ते १२० मायक्रोग्रॅम. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर के असलेली गोळी विचारल्याशिवाय सुरू करू नका.
- जस्त: स्लीव्हला ८ ते ११ मिग्रॅ, बायपासला ८ ते २२.
- तांबं: स्लीव्हला १ मिग्रॅ, बायपासला २.

डबी उलटी करून वाचा

आता हातातली डबी फिरवा आणि आधी थायमिन शोधा. साध्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये ते एक-दीड मिग्रॅ असतं. ती गोळी निरोगी पोटासाठी बनवलेली आहे, तुमच्यासाठी नाही. मग तांबं पाहा. तांबं मुळातच नसेल तर डबी बाजूला ठेवा. या दोन ओळींवरून बहुतेक गोळ्यांचा निकाल लागतो, बाकीचा तक्ता वाचायची गरजही पडत नाही.

पुढचा सापळा ‘एका वेळची मात्रा’ या ओळीत असतो. तक्त्यातले आकडे अनेकदा दोन किंवा तीन गोळ्यांचे असतात आणि माणूस एकच घेत राहतो. वर्षभर अर्धा डोस जातो, आणि तपासणीत आकडा कमी आला की ‘मी तर रोज घेतो’ अशी तक्रार. तो खरंच रोज घेत असतो.

तिसरा सापळा कॅल्शियम आणि लोहात. गोळीचं वजन म्हणजे त्यातलं कॅल्शियम नव्हे. कॅल्शियम सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम २१ टक्के असतं, कार्बोनेटमध्ये ४० टक्के. ‘कॅल्शियम सायट्रेट १,००० मिग्रॅ’ असं लिहिलेल्या गोळीतून हाती २१० मिग्रॅ लागतं. लोहाचंही तसंच: फेरस सल्फेटच्या ३२५ मिग्रॅच्या गोळीत ६५ मिग्रॅ लोह, फ्युमरेटमध्ये वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. डबीवर ‘एलिमेंटल’ हा शब्द शोधा आणि त्याच्यापुढचा आकडाच धरा. तो शब्द नसेल तर औषधविक्रेत्याला विचारा.

कॅल्शियम सायट्रेट की कार्बोनेट? सायट्रेट. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, आणि तेच आता कमी आहे. त्यात पहिले काही महिने आम्ल दाबणारी गोळीही चालू असते. सायट्रेटच्या गोळ्या मोठ्या आणि संख्येने जास्त होतात हे खरं. पावडर किंवा चघळायचा प्रकार मिळाला तर तो घ्या. कार्बोनेटच घ्यावं लागलं तर जेवणाबरोबर घ्या.

पहिले काही आठवडे गोळ्या चघळायच्या, पातळ किंवा बारीक कुटून. मात्र आतड्यात जाऊनच विरघळणारं आवरण असलेल्या किंवा हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. बायपास झालेल्यांनी तर हे प्रकार शक्यतो टाळावेत, कारण गोळी विरघळेपर्यंत शोषणाची जागा मागे पडलेली असते. चालू असलेल्या इतर औषधांपैकी अशी कोणती आहेत, ते शस्त्रक्रियेआधीच विचारून बदलून घ्या.

जेलीसारख्या मऊ, गोड गोळ्या घेऊ नका. त्यांत लोह सहसा नसतंच, थायमिन आणि तांबंही नसतं किंवा नावापुरतं असतं. चव चांगली लागते, एवढाच त्यांचा गुण. त्वचेवर चिकटवायच्या व्हिटॅमिनच्या पट्ट्यांवरही विसंबू नका.

दिवसाचं वेळापत्रक

गोंधळ होतो तो वेळांमुळे. तीन नियम लक्षात राहिले की बाकी जुळतं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास हवेत, कारण दोन्ही एकाच वाटेवर भांडतात आणि लोह हरतं. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिग्रॅपेक्षा जास्त घ्यायचं नाही. त्याहून जास्त आतडं उचलत नाही. आणि थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी लोह-कॅल्शियमपासून चार तास दूर ठेवायची.

थायरॉइडची गोळी नसलेल्या माणसाचा दिवस असा बसवता येतो:

- सकाळी ८, नाश्त्यानंतर: लोह असलेलं मल्टीव्हिटॅमिन आणि बी-कॉम्प्लेक्स.
- ११ वाजता: कॅल्शियम सायट्रेट, ५०० मिग्रॅ कॅल्शियम पडेल एवढं.
- दुपारी ३: डी-३ जेवणाबरोबर राहिलं असेल तर ते, आणि दुसरं कॅल्शियम.
- संध्याकाळी ७: तिसरं कॅल्शियम, अन्नातून पुरेसं येत नसेल तरच.
- रात्री १०, झोपताना: वेगळी लोहाची गोळी, लिंबाचं किंवा संत्र्याचं थोडं पाणी घेऊन. व्हिटॅमिन सीमुळे लोह जास्त शोषलं जातं.

थायरॉइडची गोळी असेल तर ती पहाटे सहाला घ्या आणि मल्टीव्हिटॅमिन ११ वाजता. कॅल्शियम तिथून पुढे सरकवा. चहा-कॉफी लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर नको, त्यातले टॅनिन लोहाला बांधून टाकतात. नाश्त्यानंतरची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळायची सवय असेल तर ती आजच मोडा.

लोहाने शौच काळपट होते. त्यात काही नाही. डांबरासारखी चिकट, चकाकणारी आणि उग्र वासाची झाली तर तो रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बद्धकोष्ठ होत असेल तर आधी पाण्याचे कप मोजा, मग लोहाचा प्रकार बदलून मागा. गोळ्या नीट घेऊनही पातळी वर येत नसेल तर शिरेतून लोह देतात. तो शेवटचा उपाय समजून लांबवत बसू नका. बायपासनंतर काही जणांना तोच मार्ग लागतो.

‘कॅल्शियमने मुतखडा होतो’ म्हणून गोळी सोडणारे बरेच. बायपासनंतर खड्याचा धोका वाढतो हे खरं, पण त्याचं कारण उलटं आहे. न पचलेली चरबी आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवते, मग ऑक्झलेट मोकळं राहतं आणि रक्तात शिरतं. कॅल्शियम अन्नासोबत पोटात असेल तर ते ऑक्झलेटला तिथेच अडकवतं. म्हणून पूर्वी खडा झालेल्यांनी कॅल्शियमच्या वेळा जेवणाला लावून घ्याव्यात, सायट्रेटच घ्यावं आणि पाणी वाढवावं.

उलट्या थांबत नसतील तर

हा भाग घरातल्यांनाही वाचायला द्या. दोन-तीन दिवसांहून जास्त उलट्या होत असतील आणि काहीच पोटात टिकत नसेल, तर थायमिन संपत आलेलं असू शकतं, मग शस्त्रक्रिया तीन आठवड्यांपूर्वीची असो की तीन वर्षांपूर्वीची. पहिल्या खुणा साध्या दिसतात: भूक मरते, पायांना मुंग्या, तोल जातो. मग डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसतात, बुबुळं थरथरतात, बोलण्यात विसंगती येते. याला वर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. उपचार उशिरा झाला तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं.

दवाखान्यात सहसा पहिलं काम सलाइन लावण्याचं होतं, आणि त्यात ग्लुकोज असतं. ग्लुकोज वापरायला पेशींना थायमिन लागतं. ते आधीच तळाला असताना ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही संपतं आणि मेंदूवरचा परिणाम वाढतो. त्यामुळे पोहोचताक्षणी हे सांगा: ‘वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, इतके दिवस उलट्या होताहेत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.’ शिरेतून मोठ्या मात्रेत देतात. रक्ताच्या अहवालाची वाट पाहत थांबण्याची ही जागा नाही.

केस गळतात, आणि मग चुका होतात

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मुठीने हाती येतात. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरणारं वजन यांमुळे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं जिवंत असतात, केस परत येतात. प्रथिनं साठच्या वर आणि फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, चांगला ठेवणं, हाच इथला उपाय. गळती वर्ष उलटूनही थांबली नाही किंवा सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झाली, तर मात्र लोह, जस्त आणि प्रथिनं तपासा.

याच घाबरलेल्या काळात माणूस दुकानातून ५० मिग्रॅ जस्ताची गोळी आणतो. जस्त जास्त झालं की तांब्याचं शोषण अडतं. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन घसरतं, लोह देऊनही वर येत नाही, पाय बधिर होतात, चाल अडखळते. हे सगळं बी-१२च्या कमतरतेसारखंच दिसतं, त्यामुळे निदान चुकतं. प्रमाण लक्षात ठेवा: प्रत्येक ८ ते १५ मिग्रॅ जस्तामागे १ मिग्रॅ तांबं.

दुसरी आवडती गोळी बायोटिन. कमतरता नसताना तिचा केसांना फारसा उपयोग होत नाही, पण मोठ्या डोसने थायरॉइड आणि हृदयाच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत सांगा.

तपासण्या कशा वाचायच्या

३, ६ आणि १२ महिन्यांनी, नंतर दरवर्षी, कायम. हिमोग्राम, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते), बी-१२, फोलेट, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन). बायपासनंतर ए, जस्त आणि तांबंही. सीरम आयर्न, म्हणजे रक्तातलं लोह, काढायचं असेल तर आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नका, आकडा फुगून येतो.

अहवालात सगळ्यात जास्त फसवतं ते रक्तातलं कॅल्शियम. ते जवळजवळ नेहमी ठीक असतं, कारण कमी पडलं की शरीर हाडांतून काढून रक्तात घालतं. ही उचल पॅराथायरॉइड हार्मोन करतं. म्हणून कॅल्शियम ‘नॉर्मल’ आणि हार्मोन वाढलेलं असा अहवाल आला, तर हाडांतून उसनवारी चालू आहे असं समजा आणि डी व कॅल्शियम दोन्हींचा हिशोब पुन्हा करा.

हिमोग्लोबिन शेवटी पडतं, फेरिटिन आधी. पण अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटंच वर दिसतं, म्हणून सॅच्युरेशन सोबत हवं. बर्फ चघळावासा वाटणं ही लोह कमी झाल्याची विचित्र पण विश्वासार्ह खूण आहे. रात्री गाडी चालवताना दिसेनासं झालं तर ए तपासा. बी-१२चा आकडा कडेवर असेल आणि हातापायाला मुंग्या असतील तर मिथाइलमॅलोनिक आम्ल (बी-१२ कमी पडलं की हे वाढतं) तपासायला सांगा. आणि फोलेट भरपूर घेत असाल तर रक्तक्षय झाकला जातो, बी-१२ची कमतरता आतून मज्जातंतू खात राहते. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि आम्ल दाबणारी औषधं बी-१२ आणखी खाली आणतात.

आणखी काही

गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकला. आतडं वळवण्याच्या शस्त्रक्रियांनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, आणि नेमक्या याच काळात प्रजननक्षमता वाढलेली असते. गरोदरपणात व्हिटॅमिन ए रेटिनॉलच्या (तयार व्हिटॅमिन ए) नव्हे, बीटा-कॅरोटीनच्या रूपात घ्या. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी साखर पाजून करायची चाचणी बायपास झालेल्या बाईला डंपिंग घडवू शकते, पर्याय मागा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं बायपासनंतर टाळा. जठर आणि आतड्याच्या जोडाच्या जागी व्रण (अल्सर) होतो. सिगारेटनेही होतो. दारू आता लवकर आणि जास्त चढते, शिवाय थायमिन खाते.

गोळी चुकली तर दुसऱ्या वेळी दुप्पट घेऊन भरून काढायची नाही; कॅल्शियमच्या बाबतीत तर जास्तीचं वायाच जातं. पुढची वेळ आली की तिथून सुरू करा. दोन-तीन महिने खंड पडला असेल तर आधी रक्त तपासा. कमतरता निघाली असेल तर नेहमीचा डोस पुरणार नाही, आणि तो घेत राहिलात तर पातळी वर येण्याची वाट पाहण्यात आणखी तीन महिने जातील.